मामाची जागा

माउंट रॉस्किल, ऑकलंड
११ फेब्रुवारी २०२५

चि. सुशील,

आशीर्वाद. हवेत की नकोत ते विचारत नाही, मोठी बहीण आहे म्हणून देते. आम्ही सगळे ठीक. मकरंदची पाठ अधूनमधून दुखते, बागेत टोमॅटो उदंड आलेत. पत्रच लिहितेय, कारण फोनवर पहिल्या वाक्याला मी चिडते आणि दुसऱ्याला तू फोन ठेवतोस.

सुरुचीचं लग्न एक मार्चला आहे. तुला कळलंच असेल. भाची मामाला फोन करते, हे मला माहीत आहे. मुलगा कॅलम, इथलाच. शांत आहे. आपल्या घरात तेवढंच कमी होतं.

यांच्यात आदल्या संध्याकाळी लग्नाची तालीम करतात आणि मग जेवण, रिहर्सल डिनर. कॅलमची आई हेलन ते तिच्या घरी करतेय. तिने गोड शब्दांत सांगितलं, टेबल लहान आहे, ज्यांना लग्नात काही काम आहे तेवढ्यांनाच बोलवू या. झालं! मी हे माझ्या सासरी, मकरंदच्या माणसांना सांगायलाच नको होतं. जो तो काम शोधायला लागला. पुण्याहून आलेल्या शकुंतलाकाकू म्हणाल्या, अक्षता मीच वाटणार. न्यू लिनचा राजाराम, मकरंदचा मावसभाऊ, अंतरपाट धरणार. लगेच त्याच्या बायकोने दुसरं टोक धरलं. काकूंबरोबर आलेल्या काकांनी तर भटजींना आणायची जबाबदारी घेतली. भटजी स्वतः गाडी चालवतात! कुणाला हो म्हणू, कुणाला नाही? मला धड झोप नाही. उठते, ओटा पुसते, पुसलेला ओटा पुन्हा पुसते.

रविवारी सगळे आमच्याकडे जमले होते. हेलन एकेकाला काम विचारत होती. मग तिने विचारलं, नवरीच्या मागे कोण उभं राहतं?

"तिचा मामा," मी म्हणाले.

"ओह, लव्हली! व्हेअर इज ही?"

 मकरंद लगेच म्हणाला, "राजाराम राहील उभा."

सुरुची माझ्या मराठीला जन्मभर इंग्रजीत उत्तर देत आली. ती चक्क मराठीत म्हणाली, "मला माझा मामा हवा. नसेल तर कुणीच नको."

हेलनला ते बघवेना. "आय कॅन स्टँड देअर, लव्ह, इफ इट हेल्प्स."

सासू मामा होणार! काकूंनी कपाळावर हात मारला. मला मात्र हसू येईना. बिचारी अगदी मनापासून म्हणत होती. चहा टाकायच्या निमित्ताने मी आत गेले आणि रडले.

आईचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले होते. पण तो बाजूला ठेवून तुला लिहिणार तरी काय? तू तिला मला न विचारता हॅमिल्टनच्या रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमातच, ठेवलंस आणि ती तिथेच गेली. तिथल्या दुधाच्या कारखान्यातल्या तुझ्या रात्रपाळ्या, तिचं दार उघडून रस्त्यावर जाणं, सगळं ऐकलं मी. पटलं नाही. आजही पटत नाही, आणि पटलं असं खोटं लिहिणार नाही.

मकरंद म्हणतो, सुशीलला या घरात पाऊल ठेवू देणार नाही. पण जेवण या घरात कुठे आहे? ते हेलनच्या घरी आहे. तिला मी तुझं नाव कळवलंय. मकरंदला नाही. तो बघेल तेव्हा बघेल.

सुट्टी काढ. बरा शर्ट घाल. मामाने काय करायचं ते भटजी सांगतील, फार अवघड नाही.

आणि भेटल्यावर मी भांडेन, नक्की भांडेन, तयारीने ये. सुरुचीला मामा हवा, हे तर आहेच. पण त्या टेबलाभोवती सगळी सासरची माणसं असतील रे, तिची आणि माझी. आई गेल्यावर माझ्या माहेरचं म्हणून एक तूच उरलास.

शुक्रवार, अठ्ठावीस तारीख, संध्याकाळी सहा. हेलनचा पत्ता मागे लिहिलाय.

दाराकडे तोंड करून बसणारी,
तुझी ताई