दोन इयत्ता गाळून

९ जानेवारी, शुक्रवार

मुख्याध्यापिकेने पुन्हा बोलावलं. आमच्या भूमिजाने या वेळी काय केलं असेल, या विचाराने फिजिओथेरपीच्या दवाखान्यात हात चालेना. एका आजोबांच्या उजव्या गुडघ्याऐवजी डाव्याला शेक देत बसले. ते बिचारे गप्प!

तर भूमिजाने काही केलेलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, तिसरीत बसून ती सातवीची गणितं सोडवते, वर्गात कंटाळते, खिडकीबाहेर बघत राहते. जूनपासून तिला थेट सहावीत बसवू. चौथी-पाचवी गाळायची. फेब्रुवारी संपायच्या आत उत्तर हवंय.

तिचा बाप, श्रीकंठ, ऐकून नाचायचाच बाकी होता. ऑफिसात वाटायला मैसूरपाक आणायला निघाला. थांबवलं त्याला. त्याला वाटतं, मी उगीच मोडता घालते. पण तिला अजून सँडलचा बंद नीट लावता येत नाही. आणि परवा अज्जीच्या वयाचं गणित मांडून, अज्जी आपल्या लग्नाला नसणार, म्हणून हमसून हमसून रडली. आठ वर्षांची पोर! सहावीतल्या मुली तिला जवळ करतील की तिची चेष्टा करतील?

११ जानेवारी, रविवार

सरस्वतीपुरमला, फार हुशार मुलांच्या पालकांच्या गटाला गेले. संगीतवर्गाची वरची खोली, चटया, फ्लास्कमधली कॉफी. गेल्या वर्षी पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं होतं, सगळे आपापल्या पोरांच्या बढाया मारणार. तर नाझिमा रडत होती. तिचा मुलगा झोपत नाही, सारखे प्रश्न, घरातला पंखासुद्धा खोलून ठेवलेला. ऐकता ऐकता मला हसू आलं, मग रडू आलं. बाहेर कुणाला सांगायची सोय नाही. ‘पोरगी फार हुशार आहे, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय’ असं नणंदेला सांगून बघितलं होतं. ती म्हणाली, आम्हालाही देवाने असली दुःखं द्यावीत. इथे तसं कुणी म्हणत नाही.

आज शाळेचं सांगितलं. प्रत्येकाचं मत वेगळं. शेवटी सगळे वसुधाक्कांकडे बघायला लागले. नेहमीचंच आहे ते. हा गट त्यांनीच जमवला, आणि त्यांची आरभी तीन इयत्ता गाळून चौदाव्या वर्षी उत्तरेकडच्या मोठ्या संस्थेत भौतिकशास्त्र शिकायला गेली. वसुधाक्का म्हणाल्या, “जाऊ दे तिला, जलजा. अडवलंस तर आतल्या आत कुढेल.”

नाझिमाने आरभीची चौकशी केली. म्हणाल्या, परवाच फोन आला होता, दिवसभर प्रयोगशाळेतच असते.

निघताना त्यांनी भूमिजासाठी डबाभर कुरकुरीत, तिखट कोडुबळे दिले. मन जरा हलकं झालं. श्रीकंठला सांगितलं, बहुतेक हो म्हणू.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. भूमिजा परकर-पोलकं घालून वर्गातल्या चंदनाबरोबर घरोघर एळ्ळु-बेल्ल वाटून आली. दोघींचे हात तिळागुळाने चिकट. पाय धुताना विचारलं, सहावीत चंदना असेल का? मी म्हटलं, नाही गं पुट्टी.

रात्री जेवली नाही.

२० जानेवारी, मंगळवार

आजही पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवली. डॉक्टर म्हणतात, काही नाही. काही नसताना दुखतं कसं?

२४ जानेवारी, शनिवार

लिहून काढते.

वसुधाक्कांचा डबा परत द्यायला गेले. फोन न करता. बेल वाजवली तर दार आरभीने उघडलं. ओळखलंच नाही आधी. फोटोत लांब वेणी होती, आता केस कानापर्यंत. अम्मा बँकेत गेलीये, आत या आंटी, म्हणाली. स्वयंपाकघरात भिजवलेल्या पावट्यांचं पातेलं होतं. त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि पुन्हा एकेक दाणा चिमटून साल काढायला लागली. मीही बसले. काय करणार? मीही चिमटायला लागले.

सुट्टी आहे का, विचारलं. ती म्हणाली, “दसऱ्यापासून घरीच आहे मी. अम्माने सांगितलं नाही का तुम्हाला?”

अभ्यास जड गेला का, म्हटलं.

“अभ्यास सोपा होता, आंटी. जेवायला कुणाबरोबर बसायचं ते कळायचं नाही.”

सगळं अगदी शांतपणे सांगितलं. तिथली मुलं वाईट नव्हती, लाडच करायची, धाकट्या बहिणीसारखे. पण ती आली की त्यांचं बोलणं बदलायचं. मग ती सगळे जेवून गेल्यावर जायला लागली. मग जायचंच बंद केलं. मग खोलीबाहेर पडणंही. अप्पा जाऊन घेऊन आले.

मी निघाले तेव्हा म्हणाली, अम्माला रागावू नका. मला वाटतं, मी रागावलेच होते. रस्ताभर एकच विचार — या बाईच्या एका शब्दावर मी माझ्या पोरीला ढकलायला निघाले होते!

२५ जानेवारी, रविवार

गटाला गेले नाही. श्रीकंठशी भांडण. त्याचं म्हणणं, एका मुलीचं बिनसलं म्हणजे सगळ्यांचं बिनसत नाही. भूमिजा घरात राहील, रोज आपल्यासमोर असेल, तिला कुठे परगावी पाठवतोय? खरं आहे त्याचं. पण तो म्हणाला, “तुला ती हुशार असलेलीच सोसत नाही.” हे लागलं.

भूमिजा दाराआड उभी होती. किती ऐकलं कुणास ठाऊक.

२८ जानेवारी, बुधवार

वसुधाक्का दवाखान्यात आल्या. रांगेत बसल्या, पेशंटसारख्या. त्यांचा नंबर आला तेव्हा मी पडदा ओढला आणि त्या टेबलावर पाय खाली सोडून बसून राहिल्या. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं! माझ्या मुलीच्या जिवाशी खेळ केलात, वगैरे. पण त्यांचा चेहरा बघितला आणि नुसतं विचारलं, का?

म्हणाल्या, “आरभी सात वर्षांची असताना मला कुणाशी तरी बोलायचं होतं, म्हणून हा गट काढला. मला सांगायचं होतं. तर तुम्ही सगळे येऊन मलाच विचारायला लागलात.”

आणि मग, “विचारणाऱ्यांना कसं सांगू, की मलाही माहीत नाही?”

मी म्हटलं, निदान मला ‘जाऊ दे तिला’ म्हणायला नको होतंत. त्या म्हणाल्या, तसं म्हटलं नसतं तर माझं स्वतःचं चुकलं असं झालं असतं ना गं. एवढं बोलून पदराने तोंड पुसलं. बाहेर पेशंट खोळंबलेले. मी त्यांच्या मानेला शेक दिला. दगडासारखी झाली होती मान.

८ फेब्रुवारी, रविवार

गटात वसुधाक्कांनी आरभीचं सगळ्यांना सांगितलं. उभं राहून, शाळेत धडा म्हणतात तसं.

मग प्रभाकर — ज्यांचा मुलगा यंदा दुसऱ्यांदा इयत्ता गाळून वरच्या वर्गात गेला ते — उठले. म्हणाले, हे आधी कळायला हवं होतं, आम्ही तुमच्याकडे बघून निर्णय घेतलाय. चप्पल घालून निघून गेले. ते पुन्हा येतील असं वाटत नाही. दोष कुणाला देऊ? मलाही तसंच वाटलं होतं.

नाझिमाने फक्त कॉफी ओतली. मग विचारलं, आरभी आता जेवते का नीट? वसुधाक्का म्हणाल्या, माझ्याबरोबर बसली तर जेवते. तेव्हा कुठे त्या रडल्या.

परतताना लक्षात आलं, आम्ही इतके महिने पोरांच्या बुद्धीबद्दल बोललो. जेवणाबद्दल आजच.

१५ फेब्रुवारी, रविवार

भूमिजाला विचारलं. म्हणजे खरंच विचारलं, आमचं ठरलेलं सांगायच्या आधी. श्रीकंठही खाली बसला तिच्यासमोर. ती आधी आमच्या तोंडाकडे बघत राहिली — कुठलं उत्तर दिलं तर कोण दुखावेल, याचा हिशेब! दिसत होता मला डोळ्यांत. मग म्हणाली, गणितापुरतं मोठ्या वर्गात बसेन, बाकी चौथीतच, चंदनाजवळ.

श्रीकंठने तिचे केस विस्कटले आणि बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसला. पुसलेलीच होती.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंना नकार कळवला. नाराज झाल्या. अशी संधी पालक घालवतात याचं वाईट वाटतं, म्हणाल्या. गणिताच्या तासाचं मात्र जमवते म्हणाल्या.

आपण चुकलो तर? हे कोण सांगणार?

१ जून, सोमवार

शाळा उघडली. चौथी. चंदनाचा हात धरून फाटकातून आत गेली, वळूनही बघितलं नाही. आज मी दवाखान्यात गाणं गुणगुणत होते म्हणे. सुटले एकदाची!

२८ जून, रविवार

गटाला एक नवीन जोडपं आलं. चार वर्षांची मुलगी, पेपर वाचते. आई अंग चोरून बसलेली, माझ्यासारखीच. कुणीतरी तिला सांगितलं, जलजाक्कांना विचारा, त्यांनी इयत्ता गाळायला नकार दिला आणि सगळं नीट झालं.

तिने विचारलं, कशी आहे आता तुमची मुलगी?

मी म्हटलं, मजेत. चौथीत रमलीये.

भूमिजा सोमवारपासून शाळेत गेलेली नाही. सकाळी पलंगाखाली शिरून बसते. वर्ग लहान वाटतो, चंदनाशी काय बोलायचं कळत नाही, म्हणते. मी कुणालाही सांगितलेलं नाही. नाझिमालासुद्धा नाही. इथेही आत्ताच लिहितेय.

वसुधाक्का समोर होत्या. माझ्याकडे बघत राहिल्या. चटईवरून सरकत सरकत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

नवीन आईला म्हटलं, थांबा. परत सांगते.