मान वळवलेलं हरण

ता. ४ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली हरण छापलेली कापडी पिशवी पोचली. मामी ती भाजीला न्यायला निघाली होती, मी हातातून काढून घेतली. तू जोडलेल्या प्राचीन रांजणावरचं हरण संग्रहालयाचं बोधचिन्ह झालं, तिकिटावर आलं, फाटकावर चढलं! तुझ्या आधी त्याच टेबलावर खापरं जोडून निवृत्त झालेल्या माणसाने दुसरं काय मिरवायचं? बागेतल्या बाकावरच्या सगळ्या मंडळींना पिशवी दाखवून झाली. या एकाच मागे वळून बघणाऱ्या हरणावर तुमच्या प्राध्यापकबाईंनी निबंध वाचला, तेही सांगून झालं.

एक गंमत. ही मान मला फार ओळखीची वाटते. लहानपणी सुट्टीत आलीस की तू अशीच हरणं काढायचीस, पुढे बघणारं तुला कधी जमलंच नाही. त्या जुन्या कुंभाराचीही तीच अडचण असावी. असो. प्रकृतीला जप, आणि म्हाताऱ्यावरची माया पत्रांनी ताजी ठेव.
तुझा मामा

ता. ९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून थोबाडीत बसल्यासारखं झालं. तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत. मामा, ते हरण माझंच आहे.

हरणांच्या रांगेतलं एक खापर सापडलंच नव्हतं. भोक प्लास्टरने भरलं. तुम्ही शिकवलेलं ठाऊक होतं: भरलेला भाग मूळ रंगापेक्षा फिका ठेवायचा, जवळून बघणाऱ्याला आपलं ठिगळ कळलं पाहिजे, आणि नक्षी तर काढायचीच नाही. पण संग्रहालयाच्या साहेबांना नव्या दालनाच्या उद्घाटनासाठी रांजण पूर्ण दिसायला हवा होता, आणि खरं सांगते, मलाही कसब दाखवायचं होतं. रंग इतका जुळला की माझी मीच खूश. नंतर पुसू म्हटलं, तेवढ्यात रांजण काचेत गेला.

बाईंनी निबंध वाचला तेव्हा मी मागच्या रांगेत होते. हरणाने मान वळवली, म्हणजे कुंभाराला मागे राहिलेल्या गावाची ओढ होती, असं त्या म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा, मीही वाजवल्या. त्या टाळ्यांची मला इतकी लाज वाटते की आरशात बघवत नाही. आता बाईंचं पुस्तक छापायला जाईल, मुखपृष्ठावर तेच हरण आहे. सांगितलं तर त्यांचं हसं होईल आणि माझी नोकरी जाईल. मामीला नमस्कार, पण हे कळवू नका.
तुमची खारू

ता. १३ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद. आज ‘ताई’ लिहवत नाही. पिशवी कपाटात उलटी करून ठेवली आहे. बाकावर जायला पाय उचलत नाही, कुणी विचारलं तर सर्दी झाली म्हणतो. तुझ्यापायी मीही खोटं बोलू लागलो.

तुझी शिफारस मीच केली होती, तेव्हा मान माझीही खाली गेली. पुस्तक निघालं की बाईंचं हसं होईल. आत्ता सांगितलंस तर फक्त तुझं होईल, तेवढं सोस. साहेब नंतर, आधी बाईंकडे जा. मी रागावलोय, पण तुला टाकलेलं नाही.
मामा

ता. २१ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि. गेले होते. बाई मुद्रितं तपासत होत्या. पाठ केलेलं सगळं विसरले, एवढंच म्हणाले की ते हरण मी काढलंय. मुखपृष्ठासाठी नक्कल मी केली असं त्यांना वाटलं. छान झालंय म्हणाल्या. मग मला पुन्हा, नीट सांगावं लागलं. ते पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

त्या ओरडल्या नाहीत. चष्मा पुसत राहिल्या. मग माझ्याबरोबर संग्रहालयात आल्या, साहेबांना बोलावलं आणि आत्ता आमच्यासमोर पुसा म्हणाल्या. पुसता येईल असाच रंग वापरायचा, हा तुमचा एक नियम तेवढा मी पाळला होता. कापसाचा ओला बोळा फिरवला. आधी पाय गेले, मग पोट, शेवटी मान. जाताना बाई म्हणाल्या की त्या बिचाऱ्या कुंभाराला त्यांनी उगाच उदास करून ठेवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी मला टेबलावरून उठवून दालनात उभं केलंय. लोक पांढऱ्या ठिगळाकडे बोट दाखवून विचारतात, इथलं हरण कुठे गेलं? मी सांगते, ते मी काढलेलं होतं. दर वेळी कान तापतात. फाटकावरचं अजून उतरवलेलं नाही, रोज त्याच्याखालून आत जाते. हवं तेवढं रागवा, पण पत्र पाठवा.
खारू

ता. २६ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. काल बाकावर जाऊन सगळं सांगून आलो. दोघे हसले, एकाने विषय बदलला. जड गेलं. पिशवी मामीला भाजीला दिली.

घर रंगवायला काढलंय. मागच्या खोलीत दाराआड तुझं लहानपणचं हरण अजून आहे. मी रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला सांगितली. तो म्हणाला, भिंत डागाळलेली दिसेल, त्यापेक्षा रंग असा जुळवून देतो की कळणारही नाही. मी म्हटलं, कळू दे.

त्या हरणाखाली वेड्यावाकड्या अक्षरांत तू तुझं नाव घातलं होतंस. रजा मिळाली की ये, आणि बघून जा.
तुझा मामा