नाल्याकाठचा तुकडा आणि अपेक्षाचा अर्ज

दर्यापूर,
मार्गशीर्षातला गुरुवार

तीर्थरूप खुशालराव भाऊजींना गोपालचा नमस्कार.

आपली प्रकृती बरी असेल. गुडघ्याला तेल लावता का, हे मायाताईला विचारलं तर ती म्हणते लावतात, आणि तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणता गुडघा दुखतच नाही. दोघांपैकी खरं कोण ते देव जाणे, पण थंडी वाढली आहे, जपावं. इकडे सर्व ठीक. साधनाचा सर्दीखोकला गेला. हरभरा दिसायला बरा आहे (हे फक्त तुम्हाला सांगतो). फोन न करता पत्र का, असं वाटेल. फोन केला की ताई तो स्पीकरवर टाकते, मग मी अर्ध्यावर आलो की ती पुढचं स्वतःच सांगते, आणि जे सांगायचं ते राहून जातं. कागद मधे बोलत नाही.

अपेक्षाचं कॉलेजचं मात्र सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण तुमच्यापर्यंत ते तुकड्यातुकड्यानं आलं असेल. बारावीनंतर तिला परराज्यातल्या त्या कॉलेजात जायचं आहे, जिथं शंभर जणांनी अर्ज केले तर दोन-तीनच घेतात, आणि ज्याची ऐपत नाही त्याचा खर्च कॉलेजच करतं. तिथं नाही जमलं तर इथंच कुठंतरी शिकेल, त्यात कमीपणा नाही. पण आठवीपासून पोरगी त्या एका जागेचं नाव घेऊन राहिली आहे. म्हणून मी तिला अमरावतीला ललित सरांकडे नेलं. हे सर असे अर्ज भरायला शिकवतात. वय माझ्यापेक्षा निम्मं, पण खुर्ची मोठी. मी गुणपत्रिका पुढं ठेवली. त्यांनी ती उलटीच ठेवली. म्हणाले, "काका, मार्क तर सगळेच आणतात. मुलगी वर्गाबाहेर काय करते?" मी म्हटलं, वर्ग सुटला की घरी येते. त्यावर त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले.

मग समजावून सांगितलं. कॉलेजाला पुढारपण पाहिजे, सेवा पाहिजे, एखादी कला पाहिजे, आणि या सगळ्याचा पुरावा पाहिजे. मी सांगितलं, ती आमच्या भजन मंडळात खंजिरी वाजवते. सर खुश झाले. "एकटी वाजवते का?" म्हणाले. आता एकटीनं वाजवली तर भजन कसं होईल? आपल्या प्रार्थनेत एकट्याचा आवाज वर आला की बाकीचे त्याच्याकडे वळून पाहतात, आणि ते काही कौतुकानं नाही. सेवेचंही तसंच. आपल्याकडे सेवा झाली की हात झाडून घरी जातात. इथं सेवा करायची आणि मागं वळून तिचा फोटो काढायचा. मनाला पटेना. त्या संध्याकाळी देवासमोर जरा जास्त बसलो. शेवटी असं ठरवलं, की पोरीचं जाणं त्याला मंजूर असेल तर एखाद्या फोटोला त्याची हरकत नसावी. उठलो ते निश्चय करूनच उठलो.

पहिलं रक्तदान शिबिर. कल्पना अपेक्षाची, डॉक्टरांशी बोलणं तिचं, घरोघर जाऊन माणसं तयार करणं तिचं. पत्रिका तेवढी मी छापली. (इथंच चुकलं, पण त्या वेळी चुकलं असं वाटलं नाही.) उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सगळे मानाप्रमाणे बसवले. कोणी रुसू नये म्हणून शाळेच्या माजी शिपायालाही विशेष उपस्थितीत घेतलं. अपेक्षाचं नाव घातलं नाही. घरच्या कार्यात घरच्याच पोरीचं नाव छापणारा माणूस तुम्ही तरी पाहिला आहे का? लोक काय म्हणतील? शिबिराच्या दिवशी सगळ्यांना शाल-श्रीफळ झालं, मंडपवाल्यालाही झालं, तो खांब सोडवत होता तिथंच त्याला गाठून झालं. श्रीफळाचं तबक धरून अपेक्षा उभी होती. पेपरात फोटो आला तो पाहुण्यांचा, कडेला एक तबक आणि दोन हात. मी कात्रण आणि अपेक्षाला घेऊन अमरावती गाठली. ललित सर बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "काका, हे हात हिचेच कशावरून?" बांगडी दाखवली. बांगडी चालत नाही म्हणाले. घरी येईपर्यंत जीपमध्ये पोरगी माझ्याशी बोलली नाही. घरी तिची आई साधना बोलली. "पाव्हण्याच्या ड्रायव्हरचं नाव टाकलं तुमी, अन् पोरीचं नाही," एवढंच म्हणाली, पण आठवडाभर म्हणत राहिली.

मी हटलो नाही. सर म्हणाले होते, संशोधन केलं तर उत्तम. म्हणून दिवाळीत तिला तुमच्याकडे बार्शीटाकळीला पाठवलं, कपाशीचं सर्वेक्षण करायला. कोणाला किती कापूस झाला, बोंडअळी किती लागली, साधे प्रश्न. पुढचं तुमच्यासमोरच घडलं, तरी तिच्या बाजूनं सांगतो. हातात वही, गळ्यात शाळेचं ओळखपत्र, पायात बूट, अशी मुलगी शेताच्या धुऱ्यावर दिसल्यावर लोकांनी तिला पीक विम्याची मॅडम समजलं. ती सांगत होती, मी विद्यार्थिनी आहे. तुमचे शेजारी देवराव म्हणाले, "तसंच सांगा लागते मॅडम तुमाले, आमाले समजते." त्यांनी तिला धुऱ्याधुऱ्यानं फिरवून जिथं काहीच उगवलं नव्हतं अशा जागी नेलं आणि म्हणाले, "पाहा, बोंडभर नाही झालं." मग घरी चहाला नेलं. घरात कापूस आढ्यापर्यंत. चहाची बशी कुठं टेकवावी कळेना. अपेक्षानं विचारलं, हा कोणाचा? "हा?" देवराव म्हणाले, "हा मागच्या सालचा आहे." जिथं गेली तिथं हेच. सगळ्या गावाचं उत्पन्न मिळून शून्य आलं. त्या हिशेबानं बार्शीटाकळीत या वर्षी कोणाच्या अंगावर सदराही असायला नको होता.

पोरगी परत आली ती हिरमुसून. मी म्हटलं, जाऊ दे, दुसरं काही पाहू, वक्तृत्व आहे, चित्रकला आहे. ती म्हणाली, "बाबा, मले कोणाचा राग नाही आला. पण सगळे जण मलेच कावून खोटं सांगून राहिले?" आणि पुढच्या रविवारी पुन्हा बसनं तुमच्याकडे गेली. या वेळी वही नेली नाही. ताईसोबत बायांमध्ये कापूस वेचायला लागली. वेचता वेचता बाया आपणहून सांगत गेल्या, खरं ते. आल्यावर तिनं निबंध लिहिला. इंग्रजीत आहे, पण तिनं मला मराठीत सांगितला. त्यात असं आहे, की या माणसांना आयुष्यात ज्यानं ज्यानं प्रश्न विचारला तो काहीतरी द्यायला नाहीतर न्यायला आला होता. नुसतं जाणून घ्यायला आलेलं कोणी त्यांनी पाहिलंच नाही, म्हणून ते प्रश्नाला उत्तर देत नाहीत, विचारणाऱ्याला देतात. भाऊजी, मी ऐकत बसलो. इतकी वर्षं शेतात काढली, हे मला सुचलं नव्हतं. ललित सरांनी वाचला आणि ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, काका, आता बाकी काही नको, शिबिर नको, खंजिरी नको, हाच पाठवा.

तर अशी सगळी हकिकत. तुमच्या कानावर घालावी, एवढाच हेतू. दुसरं काहीही नाही. आमच्या घरी जवायाकडे कधी काही मागितलं नाही, पुढंही मागणार नाही. ताईला नमस्कार, आणि गुडघ्याला तेल खरोखरच लावावं.

आपला,
गोपाल

ता. क. एक राहिलं. निबंध सुरू होतो तो मामाजींपासून, म्हणजे तुमच्यापासून. पहिल्याच वाक्यात तुम्ही तिला नाल्याकाठचा पाणी साचणारा तुकडा दाखवून "हेच आपलं वावर" म्हणता, आणि त्या रात्री ती तुमच्या पडवीत तुमच्याच कापसाच्या गंजीवर झोपते. (सख्ख्या भाचीला, भाऊजी! शिवाय ती विम्याची आहे ही बातमी गावात कोणी सोडली, तेही लिहिलं आहे.) मी म्हटलं, जवायाचा मान आहे, नाव बदल, दूरचे एक गृहस्थ असं कर. ती म्हणते, परका माणूस खोटं बोलला तर त्यात लिहिण्यासारखं काय. माझाच माणूस बोलला म्हणून तर निबंध झाला. ललित सरांचंही तेच मत. पण तुमचा होकार आल्याशिवाय ती पाठवणार नाही, आणि मुदत पुढच्या सोमवारी संपते. तेव्हा होकार द्यावा. मागत नाही, पण द्यावाच.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधी अपेक्षानं पत्र वाचलं. ती हसतच सुटली. म्हणाली, मामाजींनी तर केव्हाच हो म्हटलं. फोनवर ऐकून ते पोट धरून हसले, म्हणे "लिही बिनधास्त, पण मग तुह्या बापाचंही लिहिजो." आणि तिनं लिहिलं आहे. दुसरा परिच्छेद माझा आहे. मला सांगताना तिनं तो गाळला होता. तुमच्याकडे निघण्याआधी सराव म्हणून तिनं पहिला प्रश्न मलाच विचारला होता, बाबा, औंदा सोयाबीन किती झालं? आणि मी, रोज देवासमोर बसणारा माणूस, पोटच्या पोरीला निम्मं सांगितलं. का सांगितलं ते मला आत्ताही सांगता येत नाही. तुमचा शब्द ती मोडत नाही, तेव्हा तेवढा एक परिच्छेद काढायला तिला सांगाल तर

वरचं वाक्य मी मुद्दामच अर्धवट सोडलं आहे. तिला काही सांगू नका. आत्ताच तिला म्हटलं, माझं नाव घालायचं असेल तर आडनावासकट घाल, आणि आजच पाठव. तिनं पाठवलंही.