भिंतीपलीकडची ऊब

३ नोव्हेंबर २०२४
आज अक्कलकोट रस्त्यावरच्या या घरात कामाला आले. सामान म्हणजे एक पिशवी आणि ही वही. बार्शीत दोन मुलांच्या दोन घरांत मिळून मला जेवढी जागा मिळाली नाही, तेवढी इथे एकटीला मिळाली आहे. खिडकीची खोली, पलंग, वर पंखा. काम एकच, ईश्वरप्पांना सांभाळायचं. वय ऐंशीच्या पुढे, अंगात सदा कापरं. बायको गेल्या हिवाळ्यात वारली. मुलगा मल्लिनाथ कॅनडात. तो फोनवर म्हणाला, अप्पांचा हिवाळा नीट निघाला तर तुम्ही कायमच्या इथेच राहा. दुधाने तोंड पोळलेली मी, म्हणून त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. अप्पांना शंभरी गाठायला लावीन, मग तर झालं.

घराची एक गंमत. ज्या सोलापुरात माणूस उन्हाने भाजून निघतो, तिथे या पोराने घर तापवायची सोय केली आहे. आई गेल्यावर अप्पांना थंडी सोसेना, म्हणून. मागे गॅसचा बॉयलर, तिथून गरम पाणी पाइपांतून खोलीखोलीत, भिंतीला लोखंडी हीटर. दूधवाल्याने मला विचारलं, उन्हाळ्यात त्यावर पापड भाजता का.

१० नोव्हेंबर
हिवाळ्याआधीची तयारी झाली. हे पाइप बसवणारा फिटर आला होता, गुंडा नावाचा. उन्हाळाभर साठलेलं, चहाच्या रंगाचं पाणी त्याने सोडून दिलं, नवं भरलं. मग एकेका हीटरची हवा किल्लीने बाहेर काढली. फुस्स होतं, पाणी ठिबकायला लागलं की झालं. मी बादली धरून उभी. अप्पांच्या खोलीतली हवा काही संपेना. गुंडाने माग काढला तर तिथून पाइपाचा एक फाटा मागच्या भिंतीतून बाहेर गेलेला. बाहेर यांचं शेत, आणि बेलाखाली अप्पांच्या बायकोची, शिवबाईंची समाधी. लिंगायत घर, जाळत नाहीत, बसवून पुरतात. फाटा सरळ तिथे जमिनीत शिरलेला.

"ह्यो म्या टाकल्याला न्हाय," गुंडा म्हणाला. "सगळी ऊब मातीत जाईल की." त्याने त्या फाट्याचा कॉक बंद केला.

१२ नोव्हेंबर
अप्पा जेवत नाहीत. तो फाटा त्यांनीच कुणाकडून तरी टाकून घेतला होता. कॉक उघडा म्हणतात. माझे डोळे भरून आले. आमच्या माणसाने जिवंतपणी कधी विचारलं नाही, तुला थंडी वाजते का. आणि हे मेलेल्या बायकोला ऊब देतात. उघडला कॉक. अप्पांनी कडक भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

२ डिसेंबर
थंडी पडली. बॉयलर दिवसभर चालू, तरी घरातले हीटर गार. समाधीवरची माती मात्र कोमट. एक कुत्रं तिथे येऊन निजायचं, आता ते फिरकत नाही. त्या फाट्यातून परत येणारं पाणी हाताला झोंबतं, इतकं थंड. गुंडाला फोन केला. तो म्हणाला, पाणी थोडं निवून येईल, बर्फासारखं कसं येईल. त्यालाही कळेना.

१५ डिसेंबर
पाइपात आवाज होतो. हवा अडकली असेल म्हणून अप्पांच्या हीटरला किल्ली लावली. हवा बाहेर आली नाही. आत ओढली गेली. श्वास घ्यावा तशी.

मग कन्नडमधलं पुटपुटणं ऐकू आलं. मला त्यातला एकच शब्द कळतो. चळी, म्हणजे थंडी. अप्पा पाइपाला कान लावून बसले होते. त्यांचे ओठ मिटलेले होते.

२१ डिसेंबर
दुपारी अप्पांना म्हणाले, तुमची माया मोठी. ते पाइपाकडे बघत म्हणाले,

"माया कसली, बाई. थंडीत ऊब थांबली की ती उठून आत येती."

मग सगळं सांगितलं. शिवबाईंचं भान गेलं होतं. अंथरूण घाण करायच्या. यांनी त्यांना मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी घातली. त्या दार वाजवत होत्या, चळी चळी म्हणत होत्या. हे ऐकत होते. सकाळी वाजवणं थांबलेलं होतं. मुलाला सांगितलं, हार्ट बंद पडलं.

माझंही अंथरूण थोरल्या सुनेने ओट्यावर घातलं होतं. मी इथे ऊब राखतेय ती या भित्र्याच्या झोपेसाठी. जाऊन कॉक बंद केला. छप्पर गेलं तर गेलं.

२२ डिसेंबर
अप्पा गेले. हीटरला हात लाववत नव्हता, इतका तापलेला. अप्पा मात्र गारठून लाकूड झालेले. डोळे उघडे. कुशीत एक माणूस मावेल एवढी जागा ओली, तिला मातीचा वास.

मला वाईट वाटलं नाही.

२६ डिसेंबर
त्यांना शिवबाईंच्या शेजारीच बसवून पुरलं. मल्लिनाथला विमान मिळालं नाही, फोनवरच रडला. घर विकायचं म्हणतो. गुंडा बॉयलर काढून घेऊन गेला. मल्लिनाथने मला महिनाअखेरपर्यंत राहा म्हटलं. माझी मुलं फोन उचलत नाहीत.

२८ डिसेंबर
बाहेर कडक ऊन. आणि दाराखालून गारठा येतोय. अप्पांच्या खोलीतून ओली पावलं निघाली आहेत— माझ्या दारापर्यंत. शिवबाईंचं जे काय होतं ते अप्पांशी होतं ना. आता काय—

२९ डिसेंबर
ती दार वाजवते. जोरात नाही. आवाजात राग नाही, तेच ऐकवत नाही. सूड कसला. तिला नुसती थंडी वाजते. अप्पांची ऊब संपली. आता या घरात ऊब म्हणजे मी—

फोन धरवत नाही. बोटं वाकेनाशी झालीत. आतून कडी लावून, कानात कापूस घालून बसले आहे— ती म्हणते चळी, आणि मी ऐकते. अप्पाही असेच ऐकत बसले होते. मग त्यांच्यात आणि माझ्यात—

नाही. गोधडी घेतली आहे. कडी काढते. शिवबाई, थांबा, आले, मी