हाडांच्या तपासणीपुरते मयत समजण्याबाबत

प्रति,
माननीय कार्याध्यक्ष,
आरोग्य समिती, दख्खन स्नेहमंडळ,
सांता क्लारा, कॅलिफोर्निया.

दिनांक : १७ सप्टेंबर १९८६

विषय : येत्या शनिवारच्या हाडांच्या तपासणीस माझ्या जागी माझी पत्नी सौ. सरला हिला पाठवण्याबाबत. त्यासाठी आवश्यक असल्यास मला तेवढ्या सकाळपुरते मयत समजण्याबाबत.

संदर्भ : चिटणीस श्री. गिरीश यांच्याशी रविवारी फोनवर झालेले बोलणे.

महोदय,

मी एक निवृत्त ग्रंथपाल असून मुलाकडे, चि. विनयकडे, राहतो. तक्रार करण्याची मला सवय नाही. नोकरीत असताना वाचक पुस्तकाची पाने फाडून परत आणत, तेव्हाही मी 'असू द्या' म्हणत असे. त्यामुळे पुढील मजकुरात माझा आवाज कोठे चढल्यासारखा वाटला तर तो सरावाचा अभाव समजावा. माझेच काही चुकत असण्याचीही बरीच शक्यता आहे.

आपल्याला माहीत आहेच की, या भागात राहणाऱ्या चिनी लोकांची हाडे उतारवयात ठिसूळ का होतात आणि त्याचा त्यांच्या आहाराशी व राहणीशी काय संबंध आहे, याचा अभ्यास येथील विद्यापीठातील डॉ. लिन करत आहेत. तुलनेसाठी त्यांना साठीपुढची काही भारतीय माणसे हवी होती, म्हणून त्यांनी मंडळाला पत्र लिहिले. आपल्या समितीने ही स्पर्धा आहे असे धरले. सभेत आपण म्हणालात, "बासष्ट साली झालं ते झालं. हाडांच्या बाबतीत चीनपुढे हार पत्करायची नाही!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत असताना हात मांडीवर ठेवून बसण्याइतका धीर माझ्यात नाही.

त्यानंतर संघ निवडला गेला. तरुणपणी नागपुरात कुस्त्या मारलेले श्री. दादाराव कप्तान झाले. माझी निवड उंचीवरून झाली. माझ्या हाडांनी जन्मात शब्दकोशापेक्षा जड काही उचललेले नाही, हे मी श्री. गिरीश यांना सांगून पाहिले. ते म्हणाले, "काका, टेन्शन नका घेऊ यार. तुम्ही फक्त फोटोत ताठ उभे राहा." मग रोज सकाळी पार्किंग लॉटमध्ये फेऱ्या, फेऱ्यांनंतर खजूर घातलेले दूध, आणि दुधानंतर माझ्या पोटाचे जे होई त्याचा उल्लेख या अर्जात करत नाही. प्रश्नावलीत 'दूध किती पिता' या प्रश्नापुढे सर्वांनी एकच भरघोस उत्तर लिहावे, म्हणजे संघात एकवाक्यता दिसेल, असे परिपत्रकही निघाले. आजारी किती आहोत हे शोधायला आलेल्या बाईंना आम्ही किती निरोगी आहोत हे पटवून देण्याची एवढी जंगी तयारी दुसऱ्या कोणत्याही समाजाने केली असेल, असे मला वाटत नाही.

डॉ. लिन माहिती द्यायला आपल्या हॉलमध्ये आल्या. पहिल्या रांगेत छात्या पुढे काढून बसलेले आम्ही पुरुष पाहून त्या गोंधळल्या. "व्हेअर आर द विमेन?" त्यांनी विचारले. आपण हसून उत्तर दिलेत, "किचन, मॅडम. टी इज कमिंग."

चहा आला. तो घेऊन आलेल्या बायका दाराशी उभ्या राहिल्या, कारण खुर्च्या संघाला लागल्या होत्या. मग डॉ. लिन यांनी जे सांगितले ते मी नीट ऐकले. ऐकणे मला जमते. हा विकार पुरुषांना होतोच, पण पाळी गेल्यानंतर बायकांना फार. त्यांच्या अभ्यासातल्या पुष्कळ चिनी आज्या दूध पीत नाहीत, ताटातले चांगले ते नातवंडांकडे सरकवतात, मोटार चालवता येत नसल्याने दिवसच्या दिवस घरात काढतात, उन्हात येत नाहीत. हाड मोडेपर्यंत कोणाला काही कळत नाही. डॉक्टरीणबाई हे सर्व चिनी घरांबद्दल सांगत होत्या आणि मला मात्र आमचे स्वयंपाकघर दिसत होते. बाकीच्यांना काय दिसले ते मला माहीत नाही. प्रश्न विचारा म्हटल्यावर संघातल्या श्री. प्रताप यांनी विचारले, "चिनी टीममध्ये किती लोक आहेत?"

आता सरलाविषयी. गेल्या कोजागरीला मंडळाचे दूध तिने आणि इतर चार-पाच जणींनी आटवले. आपण सर्वांनी दोन-दोन पेले घेतले आणि वाहवा केली. बायकांची पंगत नेहमीप्रमाणे शेवटी बसली तेव्हा पातेल्याच्या तळाला लागलेली खरवड होती, तीही पोरांनी मागितली. रिकामे पातेले सिंककडे नेताना तिचे मनगट मोडले. पडली नाही, आपटली नाही. नुसते उचलले आणि मोडले. आपण तेव्हा म्हणालात, "वहिनी, जपून उचलायचं ना." प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी वय विचारले आणि मान हलवली.

हल्ली तिच्या साड्या जमिनीला लागतात. परकराची नाडी सैल झाली असे ती म्हणते. परवा आमची नात सीमा तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली आणि ओरडली, "आजी, यू आर श्रिंकिंग!" सगळे हसले. सरलाही हसली. मला हसू आले नाही.

आम्हा दोघांना येथे आरोग्यविमा नाही. विनयच्या कंपनीच्या विम्यात आई-वडील बसत नाहीत. हाडांची ही तपासणी आमच्यासाठी बाहेर करवून घेणे शक्य नाही आणि विनयला ओझे होईल म्हणून सरला त्याच्यापाशी विषयही काढू देत नाही. विद्यापीठाची ही एकच संधी आहे. डॉ. लिन यांनी स्पष्ट सांगितले आहे की मंडळाने पाठवलेल्या यादीतल्याच माणसांना त्यांना घेता येते, पण मंडळाने शनिवारच्या आत नाव बदलून कळवले तर त्यांची हरकत नाही.

म्हणून मी रविवारी श्री. गिरीश यांना फोन केला. माझे नाव काढा, हिचे घाला, एवढीच विनंती केली. आपल्याला विचारून त्यांनी उलट फोन केला. "काका, कार्याध्यक्ष नाही म्हणतात. काकूंचा हात ऑलरेडी मोडलेला. आपली सरासरी पडेल."

महोदय, हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा मनात म्हणून पाहिले. आजारी माणसाला डॉक्टरकडे नेऊ नये, कारण डॉक्टरला आजार सापडेल. मी बरीच पुस्तके वाचली आहेत. हा विचार मला कोठे आढळला नव्हता.

मी आग्रह धरला (मला स्वतःलाच आश्चर्य वाटले), तेव्हा श्री. गिरीश यांनी नियमाकडे बोट दाखवले. मंडळाच्या घटनेतील कलम सातप्रमाणे सभासदत्व कुटुंबप्रमुखाच्या नावे असते आणि तपासणीला सभासदच पाठवायचे असे समितीने ठरवले आहे. मी राजीनामा दिला तर कुटुंबाचे सभासदत्वच संपते. पत्नी स्वतः सभासद होऊ शकते, पण त्याला एकच वाट आहे : सभासद मयत झाल्यास त्याची जागा आपोआप पत्नीला मिळते. हे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले. दुसरी वाट खरोखरच नाही. सरलाच्या हाडांची कोणी दखल घ्यावी, यासाठी मी मरणे मंडळाच्या दृष्टीने आवश्यक आहे.

तरी नम्र विनंती की,

१. शनिवारी सकाळी मला मयत समजण्यात यावे व माझी जागा सौ. सरला हिच्या नावे करून तसे डॉ. लिन यांना शुक्रवारपर्यंत कळवावे.

२. शोकप्रस्ताव मांडू नये. मांडल्यास भाषणे नकोत. सर्वांनी दोन मिनिटे उभे राहावे. उभे राहणे हाडांना चांगले असते, असे डॉ. लिन म्हणाल्या.

३. फोटोत माझ्या जागी दुसरा उंच माणूस घ्यावा.

४. तपासणी आटोपल्यावर मला पुन्हा हयात करून घेण्याची घाई करू नये. मी सभासद नसताना मंडळाचे काही अडले असेल असे वाटत नाही आणि सभासदत्व तिच्याच नावे राहिले तर येत्या कोजागरीला तिला सभासदांच्या पहिल्या पंगतीत बसवणे आपल्याला नियमाने भाग पडेल.

या अर्जाबद्दल सरलाला काहीही माहीत नाही. कळले तर ती म्हणेल, "कशाला त्या लोकांना त्रास?" आपल्याला त्रास होणार असेल तर मी दिलगीर आहे, पण या वेळी विनंती मागे घेत नाही.

अर्ज नामंजूर झाला तरी शनिवारी मी तिला विद्यापीठात घेऊन जाणार आहे. तेथे माझे नाव पुकारले की ती उठेल, मी बसून राहीन आणि डॉ. लिन यांना खरे काय ते सांगेन. इंग्रजीत वाक्य तयार करून ठेवले आहे. तिला गाडी चालवता येत नाही म्हणून गाडी मला चालवावी लागेल. मयत सभासदाने गाडी चालवू नये, असे घटनेत कोठेही लिहिलेले नाही. मी तपासून पाहिले आहे.

कळावे.

आपला नम्र व तूर्त हयात,
(सही)
श्रीराम विष्णू देवस्थळे

सोबत : १. सौ. सरला हिच्या मनगटाच्या एक्स-रेचा अहवाल.
२. मृत्यूचा दाखला जोडलेला नाही. त्यावाचून काम अडत असल्यास तसे कळवावे.