टिटवी खाली येतेय

३ मार्च

आज पुन्हा चहा ढवळला! शंभरदा सांगितलं इथे कामाला असलेल्या या पोरींना — खडीसाखर तळाशी, वर चहा, कडेनं साय, आणि चमचा लावायचा नाही. आमच्या या जर्मन किनाऱ्यावर, पूर्व फ्रिसलँडात, शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण नाही! मेनोसमोर कप ठेवला आणि खळाखळा ढवळला. हात चालत असता तर त्यानं कप भिरकावला असता.

वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक रेंकेनबाई वर मलाच समजावतात, "यान्सेनबाई, त्यांना आता कशातलं काही कळत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." नवरा माझा, आणि त्याला कळतं की नाही हे ठरवणार या!

पक्षाघाताचा झटका आल्यापासून तो एक शब्द बोललेला नाही. मान्य. पण टिटवी ओरडली की त्याचं बोट हलतं. ते कसं दिसत नाही कुणाला?

५ मार्च

टिटवी म्हणजे आमचा उपग्रह. 'आमचा'च म्हणणार! विद्यापीठातल्या पोरांनी मिळून बांधला, पण त्याचा ट्रान्समीटर मेनोनं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडला. टेबलावर जळाल्याचे डाग अजून आहेत. समुद्राच्या बांधावरच्या टिटव्यांसारखा ओरडतो म्हणून हे नाव. बॅटरी कधीच मेली. अंगावर ऊन पडलं की तेवढ्यापुरतं बोलणं. आता फार खाली आलीय. याच महिन्यात जळून जाणार म्हणतात.

आज बागेत आम्ही दोघं. गळ्यात रेडिओ, डाव्या हातात अँटेना, उजवा हात रेडिओच्या बटणावर. टिटवी वरून जाताना तिचा सूर उतरत जातो, पुढे निघून गेलेल्या आगगाडीच्या शिट्टीसारखा. म्हणून बटण सारखं फिरवत राहायचं. थांबलं की गेली! टिव्-टिव्, टिव्-टिव्. आणि मेनोचं बोट खुर्चीच्या दांडीवर — टक्-टक्, टक्-टक्. डोळे माझ्या हातावर. पूर्वी ओरडायचाच, "हळू फिरव गं, कणीक मळतेयस का?"

रेंकेनबाई खिडकीतून बघत होत्या. म्हणे, "पावसाच्या थेंबांवरही हलतं त्यांचं बोट." मोठ्या आल्या शहाण्या!

९ मार्च

अंगाची लाही लाही झालीय. मेनोला वरच्या मजल्यावर हलवणार! 'काही न कळणाऱ्यां'ना तिथे कुलपात ठेवतात. बाग नाही, आकाश नाही, खिडक्याही उघडत नाहीत. एकोणीस तारखेला डॉक्टर येऊन बघणार आणि सही करणार. मी म्हटलं, "मग टिटवीच्या वेळेला बोलवा त्यांना. स्वतःच्या डोळ्यांनी बघू देत." रेंकेनबाईंनी सुस्कारा सोडला, पण हो म्हणाल्या.

आंत्येला फोन केला. पोटची पोर, तीही म्हणते, "आई, तू स्वतःलाच फसवतेयस. बाबा आता नाहीत गं तिथे." फोन आपटला. टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणावं!

१४ मार्च

शेजारच्या खोलीतल्या ओकाआजी अँटेनाकडे बघून विचारतात, "काय गं, मासे लागतात का त्या गळाला?" लागतात म्हटलं, चांगले मोठे मोठे! मेनोचं बोट आज शेवटपर्यंत चुकलं नाही. सगळं टेपवर घेतलं.

टिटवे, एकोणीसपर्यंत टिक गं बाई. एवढंच मागतेय.

१७ मार्च

नुसती खरखर.

मेनो बोट उचलून बसला होता. आवाज येईना. बोट तसंच वर. मग हळूच खाली ठेवलं आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी बातमी आली — कुठल्याशा महासागरावर जळाली. दोन दिवस कळ काढवली नाही मेलीला! रडू आलं, रागानंच आलं.

१८ मार्च

चौदा तारखेची टेप आहे. उद्या तीच लावणार. टेपरेकॉर्डर कोटाच्या खिशात, हातात अँटेना — डॉक्टरला काय कळतंय! लबाडी? असू दे. मेनोला कोंडायला निघालेत ते काय पुण्य करतायत?

१९ मार्च

डॉक्टर आले. रेंकेनबाई आल्या. मी अँटेना धरली, खिशात टेप सुरू केली. टिव्-टिव्, टिव्-टिव्.

बोट हलेना! रेंकेनबाईंनी कागद पुढे केला, डॉक्टरांनी पेन काढलं. मेनो माझ्या उजव्या हाताकडे बघत होता. हात नुसता लोंबत होता! टेपला कशाला लागतंय बटण फिरवायला — साफ विसरले होते मी.

त्यानं मान वर केली. ओठ वाकडा झाला, थरथरला.

"खोटारडी!"

मला! सगळ्यांदेखत! डॉक्टर पेन धरून बघतच राहिले. मी अँटेना टाकली, त्याच्या पायाशी बसले आणि म्हटलं, मेल्या, पुन्हा म्हण!