गादीला येणारा वास

दि. ४ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून तुला नवल वाटेल, कारण कामाशिवाय मी लिहीत नाही हे तू चारचौघांत सांगत असतेसच. तेव्हा कामाचंच लिहितो. गाद्यांच्या दुकानात मी आता रुळलोय. गिऱ्हाइकासमोर बूट काढायचे, गादीवर आडवं व्हायचं, कूस बदलून दाखवायची आणि चेहऱ्यावर सुख आणायचं, हे माझं काम. गिऱ्हाइकं म्हणजे निव्वळ अडाण्यांचा बाजार. गादी बोटाने अशी टोचतात, जशी काही ती पिकलीय का ते बघतायत.

अडचण एवढीच की बूट काढले की थोडासा वास येतो. थोडासाच. परवा एक आजोबा गादीवर टेकता टेकता उठले आणि थेट जिना उतरले. मालक नाक वर करून दुकानभर फिरले. मी बुटांत अत्तर ओतलं, तर आता अत्तर लावलेला वास येतो. मला पक्कं करायचं की गोदामात धाडायचं, ते मालक महिनाअखेर ठरवणार आहेत. गोदामात हमाल असतात, मावशी! तेव्हा काहीतरी भारीतलं, सुगंधी सुचव. बूट बदल एवढं मात्र सांगू नकोस. टोकदार आहेत, चकचकीत आहेत आणि मला शोभतात.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
छबू


दि. ९ एप्रिल

चि. छबुराव यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा काळजीने, एकदा हसायला. अत्तर म्हणे! ओल आलेल्या भिंतीला रंग फासला म्हणजे ओल जाते का रे? तुझे पाय घाण नाहीत, ओले आहेत. लहानपणी कोरड्या फरशीवरसुद्धा तुझी पावलं उमटायची आणि तुझी आई फडकं घेऊन मागे फिरायची. घाम येण्यात लाज कसली? कुणाच्या तळहाताला येतो, कुणाच्या कपाळाला. लाज आहे ती रोज तेच प्लास्टिकचे डबे पायात अडकवून त्यात घाम मुरवत ठेवण्याची.

साधे कातडी नाहीतर कापडी बूट घे, दोन जोड. आज एक, उद्या दुसरा, म्हणजे उतरलेल्याला वाळायला वेळ मिळेल. आतला तळ काढून वाऱ्याला ठेवत जा. मोजे सुती, आणि दुपारी बदलायचे. पाय धुतलेस की बोटांच्या बेचक्या नीट पूस, तू नुसते झटकतोस हे मला ठाऊक आहे. बिनदुधाचा कडक चहा गार करून त्यात संध्याकाळी पाय बुडवून बस, घाम जरा आटोक्यात येतो. एवढ्यानेही भागलं नाही तर डॉक्टर आहेतच.

आणि हमालांना नाक मुरडू नकोस. त्या गाद्या आमच्या कारखान्यात आम्ही शिवतो, ते उचलतात, आणि तू नुसता लोळतोस. तिघांत रिकामटेकडा कोण, ते तूच सांग.

जपून राहा, आणि मला विसरू नकोस.
तुझी,
मावशी


दि. १७ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा तो चहाचा प्रयोग करायची वेळच आली नाही. डोकं असलं की पाय सांभाळता येतात. मंगळवारी एका बाईंनी नाकाला रुमाल लावला, तेव्हा मी शांतपणे सांगितलं की हा नव्या फोमचा वास आहे, थर चिकटवायचं सोल्युशन हलकं वापरलं की असं होतं. बाईंनी मान डोलावली. मालकांनी तर माझ्याहून जास्त विश्वास ठेवला! अख्खा माल तुमच्या कारखान्यात परत धाडला आणि मुकादमाला फोनवर फैलावर घेतलं. माझ्या पारखी नाकाचं कौतुक झालं ते वेगळंच.

तुमचा कारखाना एवढा मोठा, चार गाद्या परत आल्या तर कुणाचं काय जातं? मी मात्र पक्का झाल्यात जमा आहे.

तुझी कृपादृष्टी राहू दे.
तुझा,
छबू


दि. २१ एप्रिल

छबू,

आशीर्वाद नंतर.

कुणाचं काय जातं, ते ऐक. सोल्युशनच्या टेबलावर आमच्याकडे एकच बाई आहे. नवरा अंथरुणावर, घर तिच्या हातांवर. मुकादमाने सगळ्यांदेखत तिला गादीवर नाक टेकवायला लावलं आणि चांगल्या सोल्युशनचा डबा कुठे विकलास म्हणून विचारलं. ती शपथा घेत होती आणि मी शेजारी कडेची पट्टी शिवत होते, पिशवीत तुझं पत्र ठेवून. महिना संपला की तिला घरी बसवणार आहेत.

अरे, पायाला वास येतो म्हणून मी तुला हसले होते. आता हसूही येत नाही. तुझ्या डोक्याला वास येतोय, आणि त्यावर चहाचा इलाज नाही. पारखी नाक म्हणे! स्वतःचे पाय सोडून सगळ्या जगाला हुंगणारं नाक ते.

मुकादमाला मी आत्ता सांगू शकते. पण खोटं ज्या तोंडातून निघालं, खरंही त्याच तोंडातून निघू दे. शुक्रवारी मुकादम तिला घेऊन तुझ्या दुकानात येणार आहे, नवी गादी मालकांसमोर तपासायला. तिथे बोल. नाही बोललास तर शनिवारी मी बोलेन, आणि मग मला मावशी म्हणू नकोस.

मावशी


दि. २८ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी दोघं आले. नवी गादी पसरली. मुकादमांनी हुंगली, मालकांनी हुंगली, आणि मग सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या बाई दाराशी उभ्या होत्या. माझा काहीतरी गैरसमज झाला असावा, असं वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. मग त्यांचे हात दिसले. सोल्युशनने पिवळी पडलेली बोटं, नखांपाशी सोललेली. ते वाक्य मी सोडून दिलं. मी खाली बसलो, बूट काढले, मोजे काढले आणि सांगितलं की वास इथला आहे, मी खोटं बोललो.

मुकादम दोन पावलं मागे गेले. मालकांनी खिडकी उघडली. बाई मात्र पुढे आल्या, वाकून एकदाच हुंगलं, आणि मालकांना म्हणाल्या की साहेब, हे सोल्युशन नव्हे, हा माणूस आहे.

सोमवारपासून मी गोदामात. मालक म्हणाले, वासाचं काहीतरी करता आलं असतं, खोट्याचं काय करू. तिथे वारा भरपूर आहे आणि चपला चालतात. हमालांनी अजून नाक मुरडलेलं नाही.

कारखान्यात माझं नातं सांगू नकोस. तुझी मान खाली जाईल.

रागावलीस तरी तोडू नकोस.
तुझा,
छबू


दि. १ मे

चि. छबूस,
अनेक आशीर्वाद, मागच्या खेपेचे राहिलेले धरून.

शाबासकीची वाट बघू नकोस. स्वतःच सांडलेलं पुसलं म्हणून कुणी हार घालत नाही. बाई कामावर आहे. मुकादमाने माफी मागितली नाही, नुसता तिच्या टेबलाशी येऊन खाकरून गेला. असल्यांना तेवढंच जमतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने सगळी हकिकत सांगितली, तुझ्या मोज्यांसकट, मुकादमाच्या तोंडाची नक्कल करून. हसून हसून एकीला उचकी लागली. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग कुणीतरी विचारलं की हा दिवटा असेल तरी कुणाचा. मी कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, माझा. माझ्या बहिणीचा.

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल ते ऐकून घ्यायचं. तर म्हणाली की वाकले तेव्हा दिसलं, बोटांमधलं कातडं फाटलंय पोराचं, चालताना आग होत असेल, डॉक्टरला दाखवायला सांगा.

जिच्या पोटावर पाय दिलास, तिला त्या पायाची काळजी पडलीय. उद्याच्या उद्या दाखवून ये, आणि डॉक्टर काय म्हणाला ते मला नको, तिला कळव. पत्ता मागे लिहिला आहे.

तुझीच,
मावशी